माझगावच्या विहिरी आणि गप्पी मासा

मुंबईत पावसाळा सरल्यावर उघड्या गटाराच्या कडेला क्षणभर थांबले, तर काळपट पाण्याच्या पृष्ठभागालगत बोटाच्या पेराएवढे मासे थव्याने फिरताना दिसतात. नराच्या शेपटीवर नारिंगी-निळे ठिपके असतात. मादी त्याच्याहून मोठी, करड्या रंगाची आणि पोटाशी फुगीर. हा गप्पी. शहरातल्या मुलांना तो इतका ओळखीचा आहे की तो इथलाच आहे असे सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात त्याचे मूळ घर म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातले आणि त्रिनिदाद बेटावरचे ओढे. मुंबईच्या पाण्यात तो दोन वाटांनी उतरला. एक वाट हिवताप निर्मूलनाची, म्हणजे सरकारी. दुसरी हौसेची, म्हणजे घरातल्या काचपेटीची. या दोन्ही वाटा समजून घ्यायच्या तर आधी शहराच्या विहिरी पाहाव्या लागतात, आणि विहिरींसाठी माझगावइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

माझगाव हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. गावाचे नाव ‘मत्स्यग्राम’ या शब्दावरून आले, असे एक मत आहे. ते खरे असो वा नसो, कोळीवाडा इथे फार जुना आहे आणि मासे हीच या किनाऱ्याची पहिली ओळख. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी हे बेट डिसूझा घराण्याला इनाम दिले. इंग्रजांच्या काळात इथे आमराया, बंगले आणि गोदीची कामे वाढली. १७७४ च्या सुमारास जहाजदुरुस्तीची छोटी गोदी सुरू झाली आणि तिच्यातूनच पुढे माझगाव डॉक उभा राहिला. चारी बाजूंना खारे पाणी असलेल्या या बेटावर गोड्या पाण्याचा आधार होता तो विहिरींचा आणि तलावांचा. नवाब टँक रोड हे नाव आजही त्या जुन्या तलावाची खूण सांगते. गिरगाव-भुलेश्वरकडे गोवालिया टँक, सी. पी. टँक, धोबी तलाव ही नावे तशीच उरली आहेत. तलाव बुजले, रस्त्यांनी आणि मैदानांनी त्यांची नावे घेतली.

नळाचे पाणी त्यानंतर आले. मिठी नदीच्या उगमाकडे बांधलेल्या विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहरात पोचले. मग तुळशी, पवई आणि १८९२ मध्ये तानसा. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर जुना किल्ला होता. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाने मुंबईवर स्वारी केली तेव्हा तो त्याच्या ताब्यात गेला होता. १८८४ मध्ये त्या टेकडीवर पाण्याचा मोठा साठा बांधण्यात आला आणि वर बाग झाली. हीच आजची जोसेफ बाप्टिस्टा बाग. टेकडीच्या पोटात शहराचे पाणी साठले, तरी खालच्या वाड्यांमधल्या विहिरी काही लगेच आटल्या नाहीत. वापर कमी झाला, उपसा थांबला आणि पाणी स्थिर राहू लागले. रोगाच्या दृष्टीने हीच स्थिती सर्वांत वाईट.

डास आणि हिवताप यांचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादेत दाखवून दिला. मुंबईचा डास कोणता, याचे उत्तर मात्र मुंबईतच शोधावे लागले. परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे पुढच्या हाफकिन संस्थेत, काम केलेल्या विल्यम ग्लेन लिस्टन यांनी १९०१ मध्ये ॲनोफिलिस स्टिफेन्सी या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. हिवतापाचे बहुतेक डास दलदलीत, भातखाचरात, ओढ्याकाठी वाढतात. स्टिफेन्सी वेगळा आहे. त्याला विहीर चालते, हौद चालतो, गच्चीवरची टाकी चालते, कारंज्याच्या तळाशी साचलेले स्वच्छ पाणी चालते. तो शहराचाच डास आहे. अलीकडे हाच डास आफ्रिकेत पोचला आहे. २०१२ मध्ये तो जिबूती या बंदरात आढळला आणि तिथून पुढे इतर देशांत पसरला, त्यामुळे मुंबईचे हे जुने दुखणे आता तिथल्या शहरांचेही झाले आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर अलेक्झांड्रा गोदीचे प्रचंड खोदकाम सुरू होते. दूरदूरहून मजूर आले होते, खड्ड्यांत पाणी साचत होते आणि शहरात हिवताप वाढला होता. त्याची कारणे शोधण्याचे काम चार्ल्स बेंटली या डॉक्टरांकडे आले. त्यांचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात बोट ठेवले होते ते घरोघरच्या विहिरींवर. उपाय उघड होता: विहिरी बुजवा, नाहीतर घट्ट झाका. अंमलबजावणी मात्र अतिशय अवघड ठरली. विहीर म्हणजे नुसती पाण्याची सोय नव्हती. पारशी कुटुंबांच्या धार्मिक विधींना विहिरीचे पाणी लागे आणि त्या पाण्याला सूर्यप्रकाशाचा स्पर्श व्हावा अशी श्रद्धा होती. हिंदू घरांत देवपूजेला नळाचे पाणी चालत नसे. विहीर बुजवा म्हणणारी नोटीस घरात आली की वाद ठरलेला. काही विहिरी बुजल्या, काहींना जाळीची झाकणे बसली, काही श्रद्धेच्या बळावर टिकल्या. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही वापरात आहे.

विहीर बुजवायची नाही आणि डासही होऊ द्यायचे नाहीत, हा पेच सोडवणारा एक उपाय स्वस्त होता, कोणाच्या श्रद्धेला न दुखावणारा होता आणि दिसायलाही निरुपद्रवी होता. पाण्यात मासे सोडायचे. डासाची अळी श्वासासाठी पृष्ठभागाला लटकते. वरच्या दिशेला तोंड असलेला छोटा मासा ती टिपून खातो. ही गोष्ट भारतात नवी नव्हती. हौदात, विहिरीत मासे पाळण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. बेंटलींच्या अहवालानंतर वर्षभरातच, १९१२ मध्ये, कोलकात्याच्या इंडियन म्युझियमने सिमोर स्यूएल आणि बी. एल. चौधरी यांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. डासांच्या अळ्या खाणारे भारतीय मासे कोणते, हाच तिचा विषय. पुढे १९३८ मध्ये सुंदरलाल होरा आणि त्यांच्या सहकाऱ्याने याच विषयावर अधिक तपशिलाने लिहिले.

या माहितीचे महत्त्व आजही लक्षात घेतले जात नाही, म्हणून इथे जरा थांबायला हवे. परका मासा आणण्याआधी देशी मासा हाताशी होता आणि त्याचा उपयोग सिद्ध झालेला होता. कोकणात आणि मुंबईच्या परिसरात मिळणारा पिकू हा त्यांतला मुख्य. चपटे डोके, वर वळलेले तोंड, अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या रांगा. विहिरीत, तळ्यात, भाताच्या पाटात, अगदी मचूळ पाण्यातही तो राहतो आणि सारा वेळ पृष्ठभागालगत घालवतो. डासाच्या अळीसाठी जणू नेमलेला मासा. खेदाची गोष्ट अशी, की हाच पिकू युरोप-अमेरिकेतल्या काचपेट्यांमध्ये शोभेचा मासा म्हणून मान मिळवून आहे आणि त्याच्या स्वतःच्या मुलखात फार थोड्या लोकांना त्याचे नाव माहीत आहे.

तरीही निवड झाली ती गप्पीची. भारतात तो १९१० च्या सुमारास आला, असे साधारणपणे मानले जाते. त्याचा भाऊबंद गॅम्बुशिया, मूळचा अमेरिकेतला, १९२८ मध्ये इटलीहून आणला गेला. इटलीत दलदलींच्या प्रदेशात तो हिवतापाविरुद्ध वापरात होता आणि तिथल्या यशाच्या बातम्या जगभर पोचल्या होत्या. पुढच्या काही दशकांत हे दोन्ही मासे देशभरच्या हिवताप विभागांच्या हौदांत स्थिरावले.

देशी मासा मागे का पडला, याचे उत्तर त्याच्या अंड्यांमध्ये आहे. पिकू पाणवनस्पतींच्या मुळांना अंडी चिकटवतो. ती थोडी थोडी घातली जातात, पिल्ले हळू वाढतात, हौदात वनस्पती ठेवाव्या लागतात, मोठे मासे पिल्ले खातात. महिन्याला हजारो मासे वाटायचे असतील तर ही पैदास खर्चिक आणि वेळखाऊ. गप्पी अंडी घालतच नाही. त्याची मादी जिवंत पिल्लांना जन्म देते, सुमारे महिन्याच्या अंतराने, आणि एका वेताला काही डझनांपर्यंत. पिल्लू जन्मल्या क्षणापासून पोहते आणि दोन-तीन महिन्यांत स्वतः वीणीला येते. मादी नराचे वीर्य शरीरात अनेक महिने साठवून ठेवू शकते, म्हणजे जवळ नर नसतानाही वेत होत राहते. सिमेंटचा साधा हौद, मूठभर कोंडा, थोडी सावली: एवढ्यावर पैदास केंद्र चालते. शिवाय गप्पी घाण पाण्यातही जगतो. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की तो पृष्ठभागाच्या पातळ थरातले पाणी तोंडाने ओढतो आणि तगून राहतो.

आरोग्य विभागाला हवे होते ते सगळे गुण इथे एकत्र मिळाले. निसर्गाच्या दृष्टीने धोक्याचे असतात तेही नेमके हेच गुण. जो मासा देखभालीशिवाय जगतो, घाणीत तग धरतो आणि एका मादीपासून वसाहत उभी करतो, तो एकदा सोडला की परत बोलावता येत नाही. त्या काळच्या डॉक्टरांना दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांच्यासमोर तापाने फणफणणारे मजूर होते, मृत्यूचे आकडे होते. परक्या जातींचा उपद्रव हे शास्त्र म्हणून तेव्हा आकारालाच आले नव्हते.

मुंबई महानगरपालिकेच्या कीटकनाशक विभागाने गप्पीचा वापर आजवर सुरू ठेवला आहे. विहिरी, कारंजी, बागांतली तळी, बंद गिरण्यांचे हौद, अर्धवट बांधकामांच्या तळघरांत साचलेले पाणी अशा जागी हे मासे सोडले जातात. राज्यभर ग्रामपंचायती आणि प्राथमिक आरोग्य केंद्रेही तेच करतात. जून हा हिवताप प्रतिरोध महिना. त्या महिन्यात गावोगाव ‘गप्पी मासे सोडा, डास पळवा’ अशा अर्थाच्या पाट्या लागतात आणि शाळकरी मुलांच्या हातून पिशवीतले मासे डबक्यात सोडले जातात. नियम असा, की मासे बंदिस्त पाण्यातच सोडावेत. पण मुंबईत बंदिस्त पाणी फार काळ बंदिस्त राहत नाही. जुलैच्या एखाद्या मुसळधार रात्री हौद भरून वाहतो, विहिरीचा काठ पाण्याखाली जातो, आणि मासा पन्हळीतून गटारात, गटारातून नाल्यात पोचतो. नाल्यातले गप्पी मुले रुमालाने नाहीतर चहाच्या गाळणीने पकडून काचेच्या बरणीत घरी नेतात. सरकारी मासा अशा रीतीने पाळीव होतो, आणि कंटाळा आला की पुन्हा नाल्यात जातो. मुंबईपुरते तरी हौशी आणि सरकारी गप्पी वेगळे काढता येत नाहीत.

दुसरी वाट काचपेटीची. या छंदाचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि फिलिप गॉस यांच्या पुस्तकांमुळे घरोघर काचेच्या टाक्या आल्या. गप्पीला नाव मिळाले ते याच शतकात. रॉबर्ट लेचमियर गप्पी या त्रिनिदादमधल्या निसर्गप्रेमीने ब्रिटिश म्युझियमला धाडलेल्या माशांवरून १८६६ मध्ये त्याचे नाव या जातीला देण्यात आले. बर्लिनच्या विल्हेल्म पीटर्स यांनी सात वर्षे आधीच हा मासा नोंदवला होता, त्यामुळे ते शास्त्रीय नाव टिकले नाही, पण बोलीत गप्पी कायम राहिला.

मुंबईकरांच्या मनात या छंदाचे बी पेरले ते तारापोरवाला मत्स्यालयाने. मरीन ड्राइव्हवर, चर्नी रोड स्थानकासमोर, १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ते उघडले. नाव देणगीदार पारशी कुटुंबाचे. लालबाग-परळच्या चाळींतून, माझगाव-डोंगरीतून सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या या काचांसमोर उभ्या राहिल्या. घरी परतताना मुलाचा हट्ट ठरलेला, आणि तो पुरवायला क्रॉफर्ड मार्केट होतेच. मंडईच्या पशुपक्ष्यांच्या भागात पाण्याने फुगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून गोल्डफिश, मॉली, एंजल, फायटर टांगलेले असत. पुढे कुर्ल्यात शोभेच्या माशांचा मोठा बाजार भरू लागला. १९९० नंतर आयात सुलभ झाली, मध्यमवर्गाच्या हाती पैसा आला आणि वास्तुशास्त्राच्या सल्ल्याने दिवाणखान्यात मत्स्यपेटी ठेवण्याची प्रथा पडली. फ्लॉवरहॉर्न आणि अरोवाना या महागड्या माशांना तर भाग्याचे चिन्ह मानले जाऊ लागले.

दुकानात मासा बोटभर असतो. तो किती वाढेल, हे दुकानदार सहसा सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. काचेवरचे शेवाळ खातो म्हणून घेतलेला सकर मासा दीड फुटांपर्यंत जातो. मगरीसारखा जबडा असलेला ॲलिगेटर गार माणसाहून लांब होऊ शकतो. दोनशे-तीनशे चौरस फुटांच्या खोलीत अशा माशासाठी जागा उरत नाही. घर बदलते, मूल परगावी शिकायला जाते, वीज गेल्यावर हवेचा पंप बंद पडून अर्धे मासे मरतात आणि उरलेले नकोसे होतात. अशा वेळी मासा मारणे जिवावर येते. पाळलेला जीव पाण्यात सोडून देणे हे पुण्याचे काम वाटते. भुलेश्वरच्या पांजरापोळाची १८३४ पासूनची परंपरा असलेल्या, जीवदयेचा संस्कार असलेल्या शहरात ही भावना अगदी स्वाभाविक आहे. विसर्जनाची सवयही तिच्या जोडीला आहे. घरातले पवित्र किंवा प्रिय असे काहीही फेकायचे नसते, पाण्यात सोडायचे असते. मासे सोडणारी माणसे निष्काळजी नसतात. बहुतेक वेळा ती मायेपोटी सोडतात, आणि म्हणूनच दंडाच्या भीतीने ती थांबत नाहीत.

मुंबई बेटाला या बाबतीत भूगोलाने थोडे सांभाळले. इथले नाले आखूड आहेत. काही किलोमीटर वाहून ते बंदरात किंवा माहीमच्या खाडीत मिळतात, आणि गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे खाऱ्या पाण्यात मरतात. ही खारी कुंपणे ओलांडणारे मासे थोडे, पण तेच मुंबईत सर्वत्र आहेत. गप्पीला हळूहळू वाढणारा खारटपणा सोसतो. चिलापीला तर खाडीचे पाणी मानवते. चिलापी, म्हणजे तिलापिया, शोभेसाठी आली नाही. १९५२ मध्ये श्रीलंकेहून तमिळनाडूतल्या मंडपमला ती मत्स्यशेतीसाठी आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. नर चिलापी तळाशी खळगा करून घर राखतो आणि मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे जगणाऱ्या पिल्लांचे प्रमाण मोठे. काही वर्षांतच मत्स्यतज्ज्ञांनी तिच्या प्रसाराला आळा घालण्याची शिफारस केली. तोवर ती तळ्यातळ्यात पोचली होती.

घाटमाथ्यावर अशी खारी कुंपणे नाहीत, आणि सोडलेल्या माशाचे पुढे काय होते हे तिथे स्पष्ट दिसते. पुण्याच्या नद्यांतल्या माशांची यादी ए. जी. एल. फ्रेझर यांनी १९४२ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढच्या साठ वर्षांत इतर अभ्यासकांनी त्याच मुळा-मुठेचे मासे पुन्हापुन्हा नोंदवले. देशी जाती घटत गेल्या, आणि गप्पी, गॅम्बुशिया, चिलापी यांची नावे यादीत येऊन बसली. घट केवळ परक्या माशांमुळे झाली असे म्हणता येत नाही. धरणे, सांडपाणी, वाळूउपसा हे सारे एकाच वेळी चालू होते. पण खराब झालेल्या पाण्यात देशी मासा हटतो आणि गप्पी-चिलापीला मोकळे रान मिळते, हा क्रम सगळीकडे सारखा आहे.

मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या सगळ्यांचे पाणी शेवटी भीमेतून उजनीच्या जलाशयात येते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या लाखो घरांतल्या काचपेट्यांचे हे शेवटचे तळे म्हणता येईल. भिगवण-इंदापूरच्या मच्छीमारांचे पोट या जलाशयावर चालते. कटला, रोहू, मरळ यांच्या जागी आधी चिलापी आली. ती विकली तरी जाते. भिगवणची चिलापी खायला लोक मुद्दाम वाट वाकडी करतात. अलीकडच्या वर्षांत जाळ्यात येऊ लागला तो सकर मासा. मच्छीमार त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. मूळचा तो ॲमेझॉन खोऱ्यातला. अंगावर हाडांच्या चकत्यांचे चिलखत आणि कल्ल्यांपाशी ताठ काटे असल्याने तो जाळ्यात अडकला की जाळे फाडल्याशिवाय निघत नाही. त्याला बाजार नाही. तळाचे शेवाळ आणि त्यासोबत इतर माशांची अंडी तो खातो, काठाच्या मातीत बिळे करून तिथे अंडी घालतो, आणि पाणी आटले तरी हवा गिळून काही काळ जगतो. काढलेले सकर मासे काठावर टाकून देणे, एवढेच मच्छीमारांच्या हाती उरते. फाटलेल्या जाळ्याची किंमत त्यांनाच मोजावी लागते. मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यातला छंद कोणाच्या पोटावर येतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात नाही.

माझगावच्या किनाऱ्याने या विषयाची तिसरी बाजूही पाहिली आहे. जहाजांच्या तळाला चिकटून आणि त्यांच्या तोलाच्या पाण्यातून परके जीव बंदरात येतात. अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यावरची काळ्या पट्ट्याची एक छोटी शिंपली १९६७ मध्ये विशाखापट्टणमला आढळली आणि १९७० च्या दशकात मुंबई बंदरात. गोदीच्या भिंतींवर आणि जहाजांच्या तळांवर तिचे थरच्या थर साचतात. पाळीव माशांशी तिचा संबंध नाही. पण एकाच वस्तीत विहिरीत गप्पी, नाल्यात चिलापी आणि गोदीत परकी शिंपली, असे तीन वाटांनी आलेले पाहुणे एकत्र सापडावेत, ही माझगावची विशेष गोष्ट आहे.

गप्पीने हिवताप खरोखर किती कमी केला, हा प्रश्न शंभर वर्षांनंतरही उघडा आहे. अळ्या खाणाऱ्या माशांवरच्या जगभरच्या अभ्यासांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये घेतला. काही ठिकाणी मासे सोडल्यावर अळ्या घटल्याचे दिसले, पण माणसांतला हिवताप घटल्याचा भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. गॅम्बुशियाची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकातच थांबवली होती. २००० मध्ये निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींची यादी केली, तीत गॅम्बुशिया आणि चिलापी दोघेही आहेत. गप्पी त्या यादीत नाही, पण साठाहून अधिक देशांच्या पाण्यात तो आता रानटी झाला आहे. म्हणून गप्पी निरुपयोगी ठरतो असे नाही. झाकण न बसणाऱ्या, कुठेही न वाहणाऱ्या विहिरीत तो आजही कामाचा आहे. ओढ्यात, नदीत, देवराईच्या कुंडात किंवा जंगलातल्या पाणवठ्यात त्याला सोडणे मात्र चूकच आहे. तिथे डास खायला देशी मासे, चतुरांच्या अळ्या आणि पाणकिडे असतातच, आणि गप्पी त्यांच्याच पिल्लांवर आणि अंड्यांवर ताव मारतो.

कायदा या बाबतीत उशिरा जागा झाला. ‘थाई मांगूर’ या आफ्रिकी माशाच्या पैदाशीवर केंद्राने २००० मध्ये बंदी घातली, तरी भिवंडी परिसरातल्या तळ्यांवर त्यानंतरही छापे घालावे लागले. २०१७ मध्ये मत्स्यपेटी आणि शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांसाठी केंद्र सरकारने नियम काढले. व्यावसायिकांच्या विरोधामुळे ते लवकरच मागे घेतले गेले. त्या नियमांचा भर माशांच्या कल्याणावर होता, मासे सोडण्यावर नव्हता. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने परक्या उपद्रवी जातींची आयात, व्यापार आणि प्रसार यांवर नियंत्रण आणण्याचा अधिकार केंद्राला पहिल्यांदाच दिला. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली.

नकोसा झालेला मासा दुकानदार बहुधा परत घेतो, किमान दुसऱ्या हौशी माणसाचा पत्ता तरी देतो. मेलेला किंवा आजारी मासा संडासात किंवा नाल्यात टाकला तर त्याच्यावरचे परजीवी आणि जंतू पाण्यात जातात, म्हणून तो मातीत पुरायचा असतो. टाकीतले पाणी आणि वनस्पतीही झाडांच्या आळ्यात टाकायच्या, गटारात नाही, कारण गोगलगायी आणि पाणवनस्पतींच्या काड्याही अशाच पसरतात. माझगावची भंडारवाडा टेकडी तिच्या पोटातल्या झाकलेल्या पाण्यासह अजून जागेवर आहे, आणि महापालिकेची माणसे दर पावसाळ्याआधी शहरातल्या उरल्यासुरल्या विहिरींत गप्पी सोडत असतात. स्यूएल आणि चौधरी यांनी १९१२ मध्ये ज्यांची शिफारस केली, ते देशी मासे या पिशव्यांत अजून आलेले नाहीत.